पेपरचे कोर्स आउटकम दुसऱ्या कॉलेजच्या वेबसाइटवरून उचलले तर चालतील का?

तुम्ही तासिका तत्त्वावर नुकतेच रुजू झालात, एस.वाय.च्या संख्याशास्त्राच्या पेपरचे कोर्स आउटकम विभागप्रमुखांनी या आठवड्यात मागितलेत आणि ते कुठूनतरी उचलावेत का, असा तुमचा प्रश्न आहे. फाइलपुरते चालतील. पण पेपर तुम्हालाच शिकवायचा असेल तर स्वतः लिहा, एका दुपारचं काम आहे.

मीही संख्याशास्त्रच शिकवतो आणि हे काम उलट्या बाजूने करतो: आधी प्रश्न, मग सीओ, म्हणजे कोर्स आउटकम: कोर्स संपल्यावर विद्यार्थ्याला काय करता येईल ते. सेमिस्टरच्या शेवटी पोरांना कुठले प्रश्न सुटलेच पाहिजेत, असे पाच-सहा प्रश्न कागदावर काढा. प्रत्येक प्रश्न सोडवायला विद्यार्थ्याला नेमकं काय करता यावं लागतं, ते एका वाक्यात लिहा. तेच तुमचे सीओ. कोर्समध्ये काय काय शिकवायचं ठरवलंय ती उद्दिष्टं वेगळी, ती दोन-तीन ओळींत उरकतात.

सहसंबंधाचंच घ्या, म्हणजे दोन गोष्टी एकमेकींसोबत किती बदलतात त्याचं. 'विद्यार्थ्यांना सहसंबंधाची संकल्पना समजेल' हे वाक्य सगळीकडे सापडेल. समजली की नाही, हे तपासणार कसं? वर्गात विचारलं तर सगळेच माना डोलावतात. फ्रान्सिस ॲन्स्कम या संख्याशास्त्रज्ञाने 1973 मध्ये आकडेवारीचे चार संच मांडले होते, प्रत्येकात अकरा बिंदू. चारही संचांत सहसंबंध गुणांक जवळपास 0.816, सरासऱ्या त्याच, रिग्रेशनची रेषाही तीच. आलेख काढला की मात्र एकात बिंदू रेषेच्या आसपास पसरलेले, दुसऱ्यात चक्क वक्र, तिसऱ्यात एकच बिंदू भरकटलेला, चौथ्यात एक सोडून बाकी सगळे एका उभ्या रेषेवर. हे संच द्या आणि विचारा: यांतल्या कुठल्या गुणांकावर विसंबाल, आणि का? सूत्रात आकडे घालून मोकळा होणारा इथे हमखास अडकतो. या प्रश्नातून निघणारा सीओ असा: 'दिलेल्या आकडेवारीचा स्कॅटर प्लॉट काढून, तिथे सहसंबंध गुणांक वापरणं योग्य आहे का हे विद्यार्थी कारणासह सांगेल.' यावर गुण देता येतात. 'समजेल'वर कसे देणार?

ब्लूमच्या पायऱ्यांचा तक्ता, म्हणजे आठवण्यापासून वर चढत जाणाऱ्या विचारकौशल्यांची क्रियापदांसह यादी, तुमच्या हातात पडेलच. 1956 च्या मूळ मांडणीत मूल्यमापन सगळ्यात वर होतं, 2001 च्या सुधारित मांडणीत तिथे निर्मिती आली. स्टाफरूममध्ये दोन्ही तक्ते फिरत असतात, म्हणून विभागात कुठला चालतो ते आधी विचारून घ्या. तक्त्यातलं क्रियापद भारी वाटलं म्हणून उचलू नका. पेपरात 'व्याख्या लिहा' आणि 'सिद्ध करा' एवढंच येणार असेल तर सीओत 'विश्लेषण करेल' लिहिणं म्हणजे शुद्ध थाप.

कॉलेज संलग्न असेल तर सीओ बहुधा अभ्यास मंडळाकडूनच येतात आणि पेपरही विद्यापीठ काढतं. तरी अंतर्गत मूल्यमापनाचे गुण तुमच्या हातात असतात. वरच्यासारखा प्रश्न तिथे घाला.

राहिलं सीओ-पीओ मॅपिंग, म्हणजे तुमचा प्रत्येक सीओ संपूर्ण पदवीच्या अपेक्षित निष्पत्तींशी (प्रोग्राम आउटकम, पीओ) किती जोडलेला आहे हे तक्त्यात दाखवणं. इंजिनिअरिंगच्या पदव्यांना परस्पर मान्यता देणाऱ्या आंतरराष्ट्रीय वॉशिंग्टन कराराचा भारत 2014 मध्ये पूर्ण सदस्य झाला, त्यामुळे एनबीए या अधिमान्यता देणाऱ्या मंडळापायी इंजिनिअरिंगवाले यात कधीच मुरलेत. त्यांच्यातल्या एखाद्या ओळखीच्याला भरलेला तक्ता दाखवायला सांगा. संबंध किती घट्ट त्यानुसार 1, 2, 3 यांपैकी आकडा घालायचा असतो (3 म्हणजे सर्वांत घट्ट) आणि नवीन माणूस सगळीकडे 3 भरून टाकतो. तसं करू नका, पुढे अटेनमेंट, म्हणजे ही निष्पत्ती प्रत्यक्षात किती साधली ते, काढताना प्रत्येक 3 चा हिशेब तुम्हालाच द्यावा लागेल. संबंध नसेल तिथे सरळ रेघ मारा. सहसंबंध गुणांकाचा पर्यावरणाच्या पीओशी संबंध काय, असं कुणी विचारलं तर 'काही नाही' म्हणा. समितीतल्या एखाद्या ज्येष्ठांनी फारच ताणून धरलं तर 1 घाला आणि चहाला जा.