बोटीवरचे प्रश्न : सुएझ सगळा दुहेरी का होत नाही?

प्रश्न : माझा मुलगा जहाजावर डेक कॅडेट आहे. परवा फोनवर म्हणाला, "सुएझ आता दुहेरी झालाय, काळजी करू नकोस." 2021 मध्ये 'एव्हर गिव्हन' हे मालवाहू जहाज कालव्यात आडवं अडकलं तेव्हा आम्ही सहा दिवस टीव्हीसमोरून हललो नव्हतो. आता तसं होणार नाही ना? आणि सगळाच कालवा रुंद का करत नाहीत? वाळूच तर आहे.
– एक वाचक, चिपळूण

उत्तर : ताई, मुलगा खोटं बोलला नाही, पण त्याने अर्धंच सांगितलं.

सुएझमध्ये 'दुहेरी' म्हणजे एकाच पाण्यातून समोरासमोर जहाजं जातात असं नाही. 2015 मध्ये मूळ कालव्याच्या शेजारी 35 किलोमीटरचा दुसरा कालवा खोदला. जाणारे एकातून, येणारे दुसऱ्यातून. मी कप्तान होतो तेव्हा दक्षिणेकडे जाताना ग्रेट बिटर लेकमध्ये, म्हणजे कालव्याच्या वाटेवरच्या मोठ्या तळ्यात, नांगर टाकून समोरचा ताफा जाईपर्यंत थांबावं लागायचं. ते थांबणं आता गेलं. 'एव्हर गिव्हन'नंतर आणखी 10 किलोमीटर दुहेरी केले, डिसेंबर 2024 मध्ये त्याची चाचणीही झाली. पण ते जहाज रुतलं होतं उत्तरेच्या टोकापासून मोजलं तर 151 व्या किलोमीटरवर. 132 ते 162 हा शेवटचा टप्पा 40 मीटरने रुंद करायचा आणि 66 फुटांवरून 72 फूट खोल करायचा, एवढीच योजना होती. तो आजही एकेरीच आहे.

तिथे काय होतं ते मी अंगावर घेतलंय. मार्च महिना, नैर्ऋत्येकडून खमसीनचा वारा, हवेत धूळ इतकी की पुढचं जहाज पुसट दिसत होतं. वाऱ्याने आम्ही डाव्या काठाकडे सरकलो. काठ आणि जहाज यांच्यामधल्या चिंचोळ्या जागेतून पाणी जोरात मागे जातं, तिथला दाब उतरतो आणि जहाजाचा मागचा भाग काठाकडे खेचला जातो. नाळ, म्हणजे जहाजाचं पुढचं टोक, मात्र उलट उजवीकडे वळायला लागते. अशा वेळी सुकाणीला सांगावं लागतं, डावीकडे घे, म्हणजे जवळ आलेल्या काठाकडेच! वेग वाढवला तर काठाची ओढ वाढते, फार कमी केला तर सुकाणू ऐकत नाही. ती दहा मिनिटं मी विसरलेलो नाही. त्यातून दक्षिणेच्या या भागात लाल समुद्राच्या भरती-ओहोटीचा प्रवाह असतो. उत्तरेकडे तो फारसा जाणवत नाही.

म्हणून 40 मीटरही मोलाचे आहेत. पण ते मिळवणं सोपं नाही. ओल्या वाळूचा काठ भिंतीसारखा उभा राहत नाही, त्याला उतार द्यावा लागतो. तळ एक मीटर खाली न्यायचा तर काठ तीन-चार मीटर मागे सरकवावा लागतो. जमिनीखालून पाणी झिरपतं, त्यामुळे कोरडं खोदकाम थोडंच जमतं. पुढचं सगळं ड्रेजरने, म्हणजे पाण्याखालचा तळ उपसणाऱ्या जहाजाने, तेही जहाजांची वाट न अडवता. पूर्वेचा सिनाई काठ 1967 आणि 1973 च्या इजिप्त-इस्रायल युद्धांची रणभूमी. 2014 मध्ये खोदायच्या आधी सैन्याला सुरुंग काढावे लागले होते.

शिवाय कालव्याला आडवं जे जे जातं त्याचंही बघावं लागतं. अल फरदानचा रेल्वेचा आडवा फिरून उघडणारा पूल 2001 मध्ये उभारला होता, पण शेजारी नवा कालवा आला आणि सिनाईची रेल्वे तुटली. नव्या कालव्यावर दुसरा पूल बांधावा लागला. शेवटच्या टप्प्याखालून अहमद हमदी बोगदा जातो. त्याच्यावरून तळ कोरताना हात जपूनच चालवावा लागतो.

पैशाचंही आहे. 2014 मध्ये मुख्यतः इजिप्तच्या सामान्य माणसांनी 12 टक्के व्याजाच्या रोख्यांत आठ-दहा दिवसांत सुमारे 64 अब्ज इजिप्शियन पौंड भरले. मला त्या लोकांचं मनापासून कौतुक वाटतं. पण लाल समुद्रातल्या हल्ल्यांमुळे जहाजं आफ्रिकेला वळसा घालू लागली आणि कालव्याचं उत्पन्न 2023 मधल्या 10 अब्ज डॉलरवरून 2024 मध्ये 4 अब्जांच्या आसपास आलं. अशा वेळी आणखी 30 किलोमीटर शेजारी खोदायला कोण धजावेल? तरी मला वाटतं, कधीतरी ते करावंच लागेल.

'एव्हर गिव्हन'वरचे पंचवीसच्या पंचवीस खलाशी आपले भारतीय होते. जहाज सुटलं तरी भरपाईच्या वादात जुलैपर्यंत बिटर लेकमध्येच उभं राहिलं. तुमच्या काळजीला मी वेडी म्हणणार नाही. मुलगा सुएझमधून जाईल तेव्हा त्याला सांगा, 132 ची खूण मागे पडली की दक्षिण टोकाचं पोर्ट तौफिक येईपर्यंत ब्रिजवर, म्हणजे जहाज चालवायच्या खोलीत, थांबायची परवानगी माग आणि कालव्याचा वाटाड्या पायलट सुकाणीला काय सांगतोय ते नीट ऐक.