सही करण्याआधी: एका तरुण पिचरला पत्र

चि. पिचरास,
अनेक आशीर्वाद.

तुझा निरोप मिळाला. बेसबॉलच्या दोन क्लबांचे स्काउट, म्हणजे खेळाडू हेरणारे, घरी येऊन गेले, एका विद्यापीठाची स्कॉलरशिप हातात आहे, जुलैत ड्राफ्ट (क्लब आळीपाळीने नवे खेळाडू निवडतात तो) आहे आणि आई-बाबांचं पालुपद एकच, आधी डिग्री. सही करू की कॉलेजला जाऊ, एवढंच तू विचारलंयस.

उत्तर आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं वाचताना जीव टांगणीला लागायचा नाही. सहीच्या वेळी मिळणाऱ्या बोनसच्या रकमेतून तुझं पुढचं शिक्षण आणि मायनर लीगमधली, म्हणजे मेजर लीगच्या खालच्या पायऱ्यांवरची, पाच-सहा वर्षं, दोन्ही निभावत असतील तरच अठराव्या वर्षी सही कर. नाहीतर सरळ कॉलेज. ‘मेजर लीगमध्ये पोचलो तर’ हा आकडा हिशेबात धरायचाच नाही. पोचलास तर पैशांची काळजी आपोआप मिटेल. हिशेब करायचा तो न पोचण्याचा.

स्काउट तुला घोळून घोळून एकच गोष्ट विचारणार, किती मिळाले तर सही करशील? हा प्रश्न साधा नाही. ड्राफ्टच्या २० फेऱ्या असतात. पहिल्या दहा फेऱ्यांतल्या प्रत्येक निवडीला लीगने रक्कम ठरवून दिलेली असते आणि त्यांची बेरीज म्हणजे क्लबची त्या वर्षीची थैली. पहिल्या दहा फेऱ्यांतल्या मुलाने सही केली नाही, तर त्याच्या वाट्याची रक्कमही थैलीतून जाते. म्हणून क्लबला तुझा आकडा निवडीआधी हवा असतो. दहाव्या फेरीनंतर दीड लाख डॉलरपर्यंतचा बोनस थैलीत मोजत नाहीत, त्यावरचाच मोजतात. तेव्हा अकराव्या-बाराव्या फेरीत कोणी ‘दीड लाख’ म्हणालं तर ती तुझी किंमत आहे असं समजू नकोस. क्लबला बिनघोर देता येणारी ती रक्कम आहे, बस.

त्या दीड लाखाचं काय होतं बघ. एजंटचे पाच टक्के धरले तर साडेसात हजार गेले. केंद्राचा कर, राज्याचा कर आणि सोशल सिक्युरिटी मिळून साधारण तिसरा हिस्सा जातो. हातात नव्वद-पंच्याण्णव हजार उरले तर नशीब. एखाद्या चांगल्या खासगी विद्यापीठाचं राहण्या-जेवणासकट एका वर्षाचं बिल जवळपास तेवढंच येतं. म्हणजे चार वर्षांची स्कॉलरशिप सोडून तू एका वर्षाची फी घेणार. आई-बाबांना हा हिशेब दाखव, त्यांना तू शहाणा झाल्यासारखा वाटशील.

सही करायचीच ठरलं तर पहिल्याच करारात कॉलेज स्कॉलरशिप प्लॅन, म्हणजे पुढच्या शिक्षणाचा खर्च क्लबने द्यायची अट, लिहून घे. सेमिस्टरची संख्या आणि दर सेमिस्टरचे डॉलर, दोन्ही आकड्यांत हवेत. ‘नंतर बघू’ या शब्दांना करारात किंमत नाही. आणि एक अट कायम लक्षात ठेव: खेळ सुटल्यावर दोन वर्षांच्या आत शिक्षण सुरू केलं नाही तर हा पैसा बुडतो. कित्येक मुलं ‘आणखी एक सीझन बघतो’ म्हणत मेजर लीगशी न जोडलेल्या स्वतंत्र लीगमध्ये रेंगाळतात. ही मुदत नेमकी कुठल्या तारखेपासून धरायची, ते वकिलाकडून करारातच स्पष्ट करून घे.

बोनस संपल्यावर पगारावर जगायचं आहे. २०२३च्या करारात मायनर लीगचे वार्षिक किमान पगार ठरले ते, खालच्या पायरीपासून वर, असे: कॉम्प्लेक्स लीग १९,८०० डॉलर, सिंगल-ए २६,२००, हाय-ए २७,३००, डबल-ए ३०,२५० आणि ट्रिपल-ए ३५,८००. २०२२पासून राहायची सोय क्लब करतो, हे फार मोठं काम झालं. त्याआधी मुलं एका खोलीत पाच-सहा गाद्या टाकून झोपत. २०२६मध्ये मेजर लीगचा किमान पगार आहे ७,८०,००० डॉलर. ट्रिपल-ए आणि मेजर लीग यांच्यात खेळाचं अंतर बोटभर, पगाराचं वीसपटींहून जास्त. त्या बोटभर अंतरावर लोक वर्षानुवर्षं उभे असतात.

अठराव्या वर्षी सही केलीस तर मायनर लीगमध्ये क्लबचा तुझ्यावरचा हक्क सात सीझनचा. एकोणिसाव्या वर्षी किंवा नंतर केलीस तर सहाचा. पाच सीझन झाल्यावर क्लबने तुला मेजर लीगसाठी राखलेल्या ४० जणांच्या यादीत घेतलं नाही, तर डिसेंबरच्या रूल फाइव्ह ड्राफ्टमध्ये दुसरा क्लब उचलू शकतो. एकोणीस किंवा त्यापुढच्या वयात सही केलेल्यांसाठी ही मुदत चार सीझनची. ४०च्या यादीत गेलास की तीन ऑप्शन वर्षं सुरू होतात, म्हणजे तेवढे सीझन क्लब तुला खाली मायनरमध्ये पाठवू शकतो. मेजर लीगमधले १७२ दिवस म्हणजे सेवेचं एक वर्ष. तीन वर्षांनी पगार लवादाकडून ठरवून घ्यायचा हक्क मिळतो, सहा वर्षांनी तू मोकळा. ४३ दिवस भरले तरी पेन्शन लागू होते. म्हणून वर गेल्यावर दिवस मोजण्यात लाज वाटू देऊ नकोस, क्लबही मोजतच असतो.

कॉलेज म्हणजे बिनधोक वाट, असंही समजू नकोस. चार वर्षांच्या विद्यापीठात गेलास तर तिसरं वर्ष संपेपर्यंत किंवा एकवीस वर्षं पूर्ण होईपर्यंत ड्राफ्ट नाही. ज्युनियर कॉलेजला दरवर्षी दार उघडं असतं. २०२५-२६पासून मोठ्या विद्यापीठांच्या बेसबॉल संघात ३४च खेळाडू ठेवता येतात, आणि प्रशिक्षक दुसऱ्या कॉलेजातून तयार झालेले बावीस-तेवीस वर्षांचे पिचर आणतात. पहिल्या वर्षाच्या पोराला इनिंग मिळणं अवघड झालंय. तेव्हा प्रशिक्षकाच्या गोड बोलण्यावर जाऊ नकोस. त्या संघाची मागच्या दोन वर्षांची स्कोअरकार्डं उघड आणि तीन गोष्टी लिहून काढ: पहिल्या वर्षाच्या पिचरांना किती इनिंग मिळाल्या, शुक्रवारच्या, म्हणजे संघाच्या पहिल्या क्रमांकाच्या, पिचरकडून किती चेंडू टाकून घेतले, आणि त्यातल्या किती जणांचं कोपर पुढच्या वर्षी शस्त्रक्रियेला गेलं. ११५-१२० चेंडूंचे आकडे वारंवार दिसले तर ते विद्यापीठ कितीही नामांकित असो, नको.

आता कोपर. यावर जास्त लिहितो, कारण तुझ्या वयाची मुलं इथेच गोत्यात येतात.

चेंडू सोडण्याच्या क्षणाआधी दंड मागे वळलेला असतो आणि कोपराच्या आतल्या बाजूच्या लिगामेंटवर, म्हणजे हाडं बांधून ठेवणाऱ्या पट्ट्यावर, प्रचंड ताण येतो. तो ताण एकटं लिगामेंट पेलत नाही, पुढच्या हाताचे स्नायू त्यातला वाटा उचलतात. स्नायू थकले की त्यांचा वाटा लिगामेंटवर पडतो. म्हणून ७०वा चेंडू आणि १००वा चेंडू वेगाने सारखे दिसले तरी कोपराला सारखे नसतात. थकव्याची खूण दुखण्याच्या आधी दिसते: फास्टबॉल तुझ्या हाताच्या बाजूला उंच जायला लागतो, स्लायडर वळायचा सोडून मधोमध तरंगतो, वेग ताशी दोन मैलांनी उतरतो. मनगटापासून कोपरापर्यंतचा आतला भाग ताठरल्यासारखा वाटला तर ‘अंग आखडलंय’ म्हणून तेल चोळून परत माउंडवर (पिचरच्या उंचवट्यावर) जाऊ नकोस. पुष्कळ मोठ्या दुखापती आधी असाच दरवाजा ठोठावतात. त्या दिवशी फेकणं बंद, आणि दोन दिवसांत सुटलं नाही तर डॉक्टर.

१७-१८ वर्षांसाठी मेजर लीगनेच दिलेली मर्यादा एका दिवसात १०५ चेंडूंची आहे. ३०पर्यंत टाकलेस तर दुसऱ्या दिवशी चालेल. ३१ ते ४५ला एक दिवस विश्रांती, ४६ ते ६०ला दोन, ६१ ते ८०ला तीन, ८१च्या पुढे चार. शाळेच्या संघाने गुरुवारी ९० टाकून घेतले आणि रविवारी शाळेबाहेरच्या ट्रॅव्हल टीमने ‘दोनच इनिंग’ म्हटलं, तर हिशेब दोघांचा मिळून करायचा. तो प्रशिक्षक करणार नाही, तुलाच वहीत करावा लागेल. वर्षात १००पेक्षा जास्त इनिंग नकोत. चार महिने पिचिंग बंद, त्यातले दोन-तीन सलग, आणि त्या सलग काळात डोक्यावरून फेकणंही बंद. नोव्हेंबरचे शोकेस, म्हणजे स्काउटांना खेळ दाखवायचे मेळावे, नेमके याच्या आड येतात. हात थंड, तयारी अर्धी, समोर वीस रडार गन आणि प्रत्येकाला ९५ मैल दाखवायची घाई. मेजर लीगमध्येच फास्टबॉलचा सरासरी वेग ९४च्या आसपास आहे. तुझे ९१ आत्ता पुरेसे आहेत. डिसेंबर २०२४मध्ये लीगने पिचरांच्या दुखापतींवर जो अहवाल काढला, त्यात वेगाचा हव्यास, चेंडूच्या फिरकीमागे लागणं आणि प्रत्येक चेंडू पूर्ण ताकदीने टाकणं हीच मुख्य कारणं दिली आहेत.

लिगामेंट फाटलंच तर टॉमी जॉन शस्त्रक्रिया. डॉ. फ्रँक जोब यांनी १९७४ साली ती पहिल्यांदा केली. शरीरातलाच दुसरा टेंडन काढून कोपरात बसवतात आणि पिचरला परतायला १२ ते १८ महिने लागतात. ‘करून घेतली की वेग वाढतो’ असं क्लबहाउसमध्ये कोणी ना कोणी सांगतोच. वाढलेला दिसतो तो दीड वर्ष केलेल्या व्यायामाचा असतो, आणि तो व्यायाम ऑपरेशनशिवायही करता येतो.

वैद्यकीय कागद पैशाला कसे भिडतात ते कुमार रॉकरच्या उदाहरणात बघ. त्याची आई भारतीय वंशाची, म्हणून आपल्या लोकांत त्याचं नाव बरंच ऐकलं असशील. २०२१मध्ये न्यूयॉर्क मेट्सनी त्याला दहावा निवडला, पण तपासणीचे अहवाल पाहून सहीच केली नाही. पुढच्या वर्षी तो स्वतंत्र लीगमध्ये खेळला, टेक्सास रेंजर्सनी तिसऱ्या क्रमांकावर घेतला, मग २०२३मध्ये टॉमी जॉन झाली आणि सप्टेंबर २०२४मध्ये तो मेजर लीगमध्ये उतरला. एवढ्या नावाजलेल्या पोराची ही गत, तर तुझे एमआरआय आणि एक्स-रे तुझ्याजवळ तारीखवार हवेत. कोणाला दाखवायचे ते सल्लागाराशी बोलून ठरव, पण लपवायचं मात्र काही नाही.

नुसत्या हातावर सही मिळते, करिअर मिळत नाही, याचा दाखला आपल्याच देशातला आहे. २००८मध्ये ‘मिलियन डॉलर आर्म’ स्पर्धेतून उत्तर प्रदेशचे दोन भालाफेकपटू, रिंकू सिंग आणि दिनेश पटेल, पिट्सबर्ग पायरेट्सकडे गेले. जोर दोघांकडेही होता. पण जी समज इथली मुलं दहा वर्षांत सामने खेळून कमावतात, ती त्यांना नोकरी करता करता शिकावी लागली. दिनेश लवकर परतला. रिंकू सिंगल-एपर्यंत चढला आणि पुढे कोपरानेच दगा दिला. आजोबा ‘मुंबई कोब्राज’बद्दल विचारत असतील, तर सांग की तो दुबईतल्या महिन्याभराच्या लीगमधला एक संघ आहे. पुढे कधी हात मोकळा असेल तेव्हा जरूर खेळ, आत्ता त्या लीगचा विचार नको.

सही केल्यावरचा आठवडा कसा असतो? मायनरमध्ये मंगळवार ते रविवार एकाच संघाशी सहा सामने आणि सोमवारी सुट्टी, बहुधा बसमध्ये. सुरुवातीचा पिचर आठवड्यातून एकदा टाकतो. टाकल्याच्या दुसऱ्या दिवशी पायांचा व्यायाम आणि नुसती हलकी फेकाफेक. तिसऱ्या किंवा चौथ्या दिवशी बुलपेन, म्हणजे सामन्याबाहेर सरावाची फेक, २५ ते ३० चेंडू. नवी मुलं हे चेंडू वाया घालवतात. तू असे टाक: पहिले आठ फास्टबॉल, बाहेरच्या कडेवर, गुडघ्याच्या उंचीला. मग सहा चेंजअप (फसवे संथ चेंडू), हाताचा वेग फास्टबॉलइतकाच ठेवून. मग सहा स्लायडर, त्यातले निम्मे मुद्दाम प्लेटबाहेर. शेवटचे पाच घड्याळ लावून, १५ सेकंदांत एक, कारण मेजर लीगच्या सामन्यात बेस रिकामे असताना तेवढेच मिळतात. प्लेट १७ इंचांची. कॅचरने ग्लोव्ह जिथे धरला तिथून चेंडू किती सरकला ते प्रत्येक वेळी त्यालाच विचार. तुला माउंडवरून ते नीट दिसत नाही.

नारळ मिळण्याचे दोन हंगाम असतात. एक मार्चअखेर, स्प्रिंग ट्रेनिंग संपताना. दुसरा जुलैत, ड्राफ्टची नवी पोरं आली की. क्लबला अमेरिकेतल्या मायनर संघांसाठी १६५च खेळाडू ठेवता येतात, त्यामुळे तू बरा टाकत असलास तरी जागेसाठी जाऊ शकतोस. त्या दोन महिन्यांत नवी गाडी, नवं भाडं, नवं कर्ज काही घ्यायचं नाही.

आणखी एक. तू बाबांच्या व्हिसावर, एच-४वर आहेस. त्यावर पगार घेऊन खेळता येत नाही, आणि एकविसाव्या वर्षी तो संपतोच. सही केलीस तर क्लबला तुझ्यासाठी पी-१, म्हणजे खेळाडूंचा व्हिसा, काढावा लागेल. स्काउटला हे पहिल्याच फोनवर सांग, ड्राफ्टच्या रात्री नको. कॉलेजला गेलास आणि एफ-१, म्हणजे विद्यार्थी व्हिसा, घेतलास, तर जाहिरातींचे पैसे घेण्याआधी इमिग्रेशनच्या वकिलाला विचार. सोबतची मुलं घेतात म्हणून तुला घेता येतीलच असं नाही.

रविवारच्या फोनआधी कागदावर तीन आकडे काढून ठेव: कॉलेजच्या चार वर्षांचा खर्च, कर आणि एजंट वजा जाऊन हातात यायला हवी ती रक्कम, आणि त्यावरून चढवलेला बोनसचा आकडा. तिसरा आकडा सल्लागार स्काउटला सांगेल, तू नाही. आणि एकदा सांगितला की ड्राफ्टच्या रात्री तो खाली आणायचा नाही.

तुझा,
काका

ता. क. मावशी पुण्याहून शक्तिवर्धक चूर्ण आणि कसलंसं भस्म पाठवणार आहे असं कळलं. तिला प्रेमाने नाही म्हण. डब्यावर जे लिहिलेलं नसतं ते लघवीच्या तपासणीत सापडतं, आणि ‘घरगुती औषध होतं’ हे कोणी ऐकून घेत नाही. मेजर लीगमध्ये पहिल्याच वेळी ८० सामन्यांची बंदी आहे. पावडर घ्यायची तर ‘एनएसएफ सर्टिफाइड फॉर स्पोर्ट’ असा शिक्का असलेलीच घे, आणि डबा संपेपर्यंत त्याच्यावरचा बॅच नंबर फोनमध्ये टिपून ठेव.