टेनिसमध्ये फोरहँडसाठी नेमकी कोणती ग्रिप धरावी?

तुम्ही लिहिलंय की वय 36, कॉलेजपासून बॅडमिंटन, आणि साताऱ्यात आता कुठे टेनिस सुरू केलंय. कोर्टावरचे ज्येष्ठ सांगतात, शेकहँड करतो तशी ईस्टर्न धर. यूट्यूबवाले म्हणतात, सेमी-वेस्टर्नशिवाय हल्ली कोणी खेळतच नाही. आणि या भांडणात तुमचा फोरहँड थेट मागच्या जाळीवर जाऊन आदळतोय.

मीही साताऱ्यातच सकाळी खेळतो, अधूनमधून नवख्यांना बॉल टाकून देतो. माझं म्हणणं एवढंच, की तुमच्या कोर्टावर टप्पा पडून बॉल किती उंचीवर येतो ते बघा आणि त्यावरून ग्रिप ठरवा. कोणता खेळाडू आवडतो यावरून ठरवू नका.

आधी सध्या हात कुठे आहे ते तपासू. फ्रेमची कड जमिनीकडे येईल अशी रॅकेट उभी धरा. हँडलला आठ पैलू असतात. वरचा सपाट पैलू एक नंबर. हँडलच्या बुडाकडून बघत घड्याळाच्या काट्यांच्या दिशेनं पुढचे मोजा. आता उजव्या तर्जनीच्या मुळाचा जो सांधा, तो तळव्याच्या बाजूनं कोणत्या पैलूवर टेकतो? दोनवर असेल तर कॉन्टिनेन्टल, तीनवर ईस्टर्न, चारवर सेमी-वेस्टर्न, आणि अगदी खालच्या पाचवर वेस्टर्न. डावखुऱ्यांनी उलट्या दिशेनं मोजायचं. ओव्हरग्रिपवर (हँडलवर वरून गुंडाळायच्या पातळ पट्टीवर) तीन नंबरच्या पैलूला स्केचपेननं एक ठिपका देऊन ठेवा. घामानं पुसला जातो, पण तोवर हाताला जागा कळलेली असते.

माझा अंदाज, तुमचा सांधा दोनवर निघेल. बॅडमिंटनमधून आलेल्या बहुतेकांचा तिथेच असतो. तिथे हात असला की बॉलला लागताना रॅकेटचं तोंड आभाळाकडे उघडं राहतं. त्यात तुम्ही सवयीनं मनगट मारणार. शटल जेमतेम पाच ग्रॅमचं, त्याला ते चालतं. टेनिसचा बॉल 56 ते 59 ग्रॅमचा आणि रॅकेट तीनशेच्या आसपास. मनगटानं मारलेला बॉल एक तर उडतो, नाही तर कोपर धरून बसायची वेळ येते. (आपल्या शेजारच्या सांगलीचे नंदू नाटेकर बरोबर उलट्या वाटेनं गेले. आधी टेनिस खेळायचे, ज्युनियर राष्ट्रीय स्पर्धेच्या फायनलमध्ये रामनाथन कृष्णन यांच्याकडून हरले आणि मग बॅडमिंटनकडे वळले. तुम्ही त्यांच्याइतके मनगटी कलाकार असाल तर माझा सल्ला सोडून द्या.)

ज्येष्ठांना मोडीत काढू नका. ज्या जमान्यातली ती ग्रिप, त्या जमान्यात लाकडी रॅकेट होती आणि चारपैकी तीन ग्रँडस्लॅम गवतावर व्हायच्या. अमेरिकन ओपन 1974 पर्यंत आणि ऑस्ट्रेलियन ओपन 1987 पर्यंत गवतावरच होती. गवतावर बॉल घसरत, खाली राहून येतो. तिथे कॉन्टिनेन्टल आणि ईस्टर्न हेच शहाणपण होतं. पुढे हार्डकोर्ट आले, हलक्या आणि मोठ्या तोंडाच्या रॅकेट आल्या, टॉपस्पिननं (बॉलला खालून वर घासून दिलेल्या पुढच्या फिरकीनं) बॉल खांद्यापर्यंत उसळायला लागला आणि हात हँडलवर खाली सरकत गेले. यूट्यूबवाले त्या टेनिसबद्दल बोलतात, आणि तेही खरंच बोलतात. तरी फेडरर ईस्टर्नच्या जवळपास राहूनच खेळला.

प्रश्न आहे तो तुमच्या कोर्टाचा. नियमाप्रमाणे नवा बॉल 254 सेंटिमीटरवरून कडक जमिनीवर सोडला तर साधारण 135 ते 147 सेंटिमीटर उसळायला हवा. आपल्याकडे सकाळच्या डबल्समध्ये जो बॉल फिरत असतो, त्याची लव केव्हाच गेलेली असते, समोरचे काका स्लाइस मारतात (वरून खाली कापून उलटी फिरकी देतात), आणि बॉल कमरेच्या वर क्वचितच येतो. अशा बॉलला वेस्टर्नमध्ये खालून उचलणं म्हणजे शिक्षा. म्हणून पाच नंबर विसरा. तीनवर सुरुवात करा. पुढे एखादा कॉलेजचा पोरगा समोर आला आणि टॉपस्पिन खांद्यावर येऊ लागला, तर अर्धा पैलू चारकडे सरका.

घरी करून बघण्यासारखी एक गोष्ट सांगतो. भिंतीला डावा खांदा करून उभे राहा, रॅकेट कमरेच्या उंचीला, पुढच्या पायाच्या जरा पुढे नेऊन गटिंग भिंतीला टेकवा. ईस्टर्नमध्ये मनगट न वळवता ते सपाट टेकतं. मग सांधा चारवर न्या आणि पुन्हा टेकवा: तोंड खाली झुकतं, आणि सपाट टेकवायला हात आणखी पुढे आणि वर, छातीकडे न्यावा लागतो. कोणत्या ग्रिपमध्ये बॉल कुठे गाठायचा, ते यातून हाताला कळतं.

चारवर गेलात की सुरुवातीला बॉल नेटमध्ये जाणार. तेव्हा मनगट वळवून तोंड उघडायचा मोह होतो. तो आवरा, रॅकेट बॉलच्या खालून आणा आणि वर, खांद्यापर्यंत जाऊ द्या. सर्व्हिस आणि व्हॉलीला (टप्पा पडायच्या आधीच मारायच्या फटक्याला) मात्र तुमची जुनी दोन नंबरचीच जागा. दोन फटक्यांच्या मध्ये डाव्या हातानं रॅकेटचा गळा धरून ती फिरवायची, म्हणजे उजवी मूठ सैल राहते आणि ग्रिप बदलायला वेळ मिळतो.

महाबळेश्वरला खेळायला जाणार असाल तर तिथे बॉल जास्त उडेल. 1219 मीटरच्या वरच्या ठिकाणांसाठी नियमांत वेगळा बॉलच दिलाय, आणि महाबळेश्वर त्या रेषेच्या वर आहे. सातारा शहर बरंच खाली, त्यामुळे इथे उंचीला दोष देता येत नाही.

रॅकेट अजून उसनीच वापरत असाल तर विकत घेताना हँडलची जाडी बघा. ईस्टर्न धरल्यावर बोटांची टोकं आणि अंगठ्याखालचा मांसल भाग यांच्यामध्ये डाव्या हाताची तर्जनी जेमतेम मावायला हवी. एल-टू आणि एल-थ्री या दोन मापांत अडलात तर एल-टू घ्या. त्यावर ओव्हरग्रिप चढवून जाडी वाढवता येते, जाड हँडल तासून बारीक करणं दुकानदाराला सहसा जमत नाही.