शेत-बागायत प्रश्नोत्तरे : कोयत्याची मूठ

प्रश्न : गोव्यात वाळपईजवळ आमची माड-पोफळीची बागायत आहे. कोयत्यांना आंब्याच्या मुठी बसवून घेतो. दिवाळीनंतर पाते खुळखुळू लागते. रात्रभर पाण्यात ठेवले की घट्ट होते, पण दोन-चार दिवसच. कोणते लाकूड टिकेल?

उत्तर : आधी पाण्यात ठेवणे बंद करा. लाकूड फुगते, पण बाहेर लोखंडी कडे आणि आत पात्याचे शेपूट (मुठीत जाणारे निमुळते टोक) असल्याने त्याला पसरायला जागा मिळत नाही. तंतू चेपतात, आणि वाळल्यावर भोक आधीपेक्षा ढिले होते. आत शेपूट गंजते ते वेगळेच. आंबा हलका, दमट हवेत लवकर किडतो आणि कुजतो. मुठीला तो घेऊच नये.

आमची पहिली पसंती शिसवीला. घट्ट, जड, आणि उन्हा-पावसात फार कमी हलणारे लाकूड. फर्निचर करणाऱ्या सुताराकडे दीड इंच जाडीचे, सहा इंच लांबीचे तुकडे उरतात, तेच मागा. ते वाळलेलेही असतात. झाड मात्र तोडू नका, स्वतःच्या जमिनीतले असले तरी गोव्यात 1984 च्या वृक्षसंरक्षण कायद्याप्रमाणे परवानगी लागते. शिसवी नाही मिळाली तर जुन्या चिंचेचे आतले गडद लाकूड घ्या. त्याचे तंतू एकमेकांत गुंतलेले असतात, त्यामुळे घाव बसला तरी सहज चिरत नाही. बाहेरचे फिकट लाकूड किडे पोखरतात, ते तासून टाका. माट्टी (ऐन) मजबूत, पण वाळताना तडकते. साग घरच्या सुरीला उत्तम. कोयत्याच्या दणक्याने तो रेषेत फुटतो.

ओले लाकूड असेल तर दोन्ही टोकांना मेण लावून सावलीत वर्ष-दीड वर्ष ठेवा. एप्रिलमध्ये दर पंधरा दिवसांनी वजन करा. लागोपाठ तीनदा सारखे भरले की तयार समजा. मूठ मे महिन्यातच बसवावी. पावसाळ्यात बसवलेली मूठ हिवाळ्यात आकसते, तुमच्याकडे बहुधा हेच होत असावे.

शेपूट तापवून लाल करून मुठीत ठोकू देऊ नका. भोकाच्या कडेला कोळसा होतो, तो भुगा होऊन झडला की मूठ हलते. ड्रिलने भोक पाडा, शेपूट मुठीच्या दोन तृतीयांश तरी आत जाऊ द्या, एपॉक्सी गोंद भरा आणि 24 तास हात लावू नका. मूठ गोल नको, अंडाकृती हवी. गोल मूठ ओल्या हातात फिरते आणि घाव पायावर येतो.

शेवटी ‘बॉइल्ड लिनसीड ऑइल’ म्हणून तयार मिळणाऱ्या जवसाच्या तेलाचे तीन पातळ हात द्या, प्रत्येक हात पूर्ण वाळू देऊन. खोबरेल वाळत नाही, त्यावर बुरशी धरते. तेलाची फडकी बोळा करून टाकू नका, आपोआप पेट घेतात; उघड्यावर पसरून वाळवा.

प्रश्न : सांबरशिंगाची मूठ कशी?

उत्तर : नको. 1972 च्या वन्यजीव कायद्याखाली त्याची खरेदी-विक्री गुन्हा आहे. पाळीव म्हशीचे शिंग चालते, पण ते थर-थर सुटते आणि ओले झाले की निसटते. कोयत्याला लाकूडच घ्या.