त्यांचं वाक्य त्यांनाच संपवू द्या

ताई,
यांना पार्किन्सन्स होऊन 9 वर्षं झाली. आंघोळ, कपडे, रात्री कूस बदलून देणं, सगळं मीच करते. देवावर भार टाकलाय आणि हसत राहायचं ठरवलंय, त्यावरच निभावतंय. दारातून जाताना यांचे पाय जमिनीला चिकटतात, तेव्हा मी बँडमास्तरच्या आवाजात 'डावा-उजवा, डावा-उजवा' ओरडते, मग पाऊल उचलतं. संध्याकाळी यांच्या पलंगाशी बसून दोघांसाठी प्रार्थना म्हणते. पूर्वी मैफल हे रंगवायचे, आता ती जबाबदारी माझ्यावर आली. परवा यांचे ऑफिसातले जुने मित्र आले होते. 'काय, कसं काय?' म्हणाले. यांनी 'त्या रात्री मी...' अशी सुरुवात केली. पण हल्ली यांचं बोलणं फार हळू, पुटपुटल्यासारखं असतं, समोरचा अवघडतो, म्हणून वाक्य मीच पूर्ण करते. म्हटलं, 'त्या रात्री यांनी बाथरूममध्ये जमिनीला साष्टांग नमस्कार घातला!' सगळे पोट धरून हसले. हे हसले नाहीत, पण आता यांचा चेहराच तसा झालाय. वन्संचं म्हणणं, आजारी माणसाच्या उशाशी ही थट्टा शोभत नाही. देवाचं नाव घेतेस तर जरा गंभीर राहा. ताई, हसणं पाप आहे का? हसले नाही तर मी कोलमडून पडेन.
एक हसरी (नाव छापू नये)

हसरीबाई,

हसणं पाप नाही. वन्संचा विषय इथे संपला. त्यांना हे उत्तर वाचायला द्यायचं की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा.

मी अडकले ते तुमच्या पत्रातल्या चार शब्दांपाशी: 'वाक्य मीच पूर्ण करते'. तुम्ही ते जाता जाता लिहून टाकलंत, कारण तुम्हाला साष्टांग नमस्कारापर्यंत पोचायची घाई होती. मला मात्र पुढचं वाचवेना. 'त्या रात्री मी' याच्या पुढे काय होतं हो? तुम्हाला ठाऊक आहे? कदाचित पडल्याचीच गोष्ट ते सांगणार असतील, आणि तुमच्यापेक्षा झकास सांगणार असतील. मैफल रंगवणारा माणूस आहे तो. कदाचित त्या रात्री झोप लागेना म्हणून याच मित्रांची आठवण काढत पडले असतील. कदाचित 'त्या रात्री मी घाबरलो' एवढंच असेल. मित्र हसून घरी गेले आणि ते वाक्य तुमच्या नवऱ्याच्या तोंडात तसंच राहिलं.

मैफलीची जबाबदारी 'माझ्यावर आली' असं तुम्ही लिहिता. ती आपणहून चालत आली, की त्यांचा आवाज खाली गेला तसा तुम्ही माईक उचललात?

'चेहराच तसा झालाय' हे खरं आहे, मी नाकारत नाही. या आजारात मेंदूतल्या डोपामिन (हालचालींचा निरोप पोचवणारं रसायन) बनवणाऱ्या पेशी कमी होत जातात, आणि हातापायांसारखेच चेहऱ्याचे स्नायूही मंदावतात. पापण्यासुद्धा कमी लवतात. आत हसू फुटलेलं असतं आणि बाहेर मुखवटा. पण आत अपमान झाला तरी बाहेर तोच मुखवटा दिसणार की नाही? त्या कोऱ्या चेहऱ्याचा तुम्ही सोयीचा तेवढा अर्थ लावलात. ते हसले नाहीत कारण हसता येत नाही, असं धरून चाललात. हसावंसं वाटलं नाही, ही शक्यता तुमच्या पत्रात कुठेच नाही.

आता त्या पुटपुटण्याबद्दल, कारण ते तुम्हाला कुणी नीट समजावून सांगितलेलं दिसत नाही. पार्किन्सन्स झालेल्या बहुतेकांचा आवाज कधी ना कधी बारीक होतो. गोळ्यांनी हातपाय जितके सुटतात तितका आवाज सुटत नाही. आणि यातली खरी गंमत (गंमत कसली, क्रूर थट्टाच) अशी, की त्यांना स्वतःला आपला आवाज नेहमीसारखाच वाटतो. मोठ्यानं बोलायला लावलं तर 'मी काय ओरडतोय' असं वाटतं, आणि आपल्या कानाला ते कुठे साधं बोलणं म्हणून पोचतं. म्हणजे तुमचे यजमान त्या दिवशी मित्रांशी, त्यांच्या हिशेबानं, व्यवस्थित बोलत होते. आणि मधेच बायकोनं त्यांचं बोलणं उचलून नेलं.

यावर उपाय आहे. एलएसव्हीटी नावाची आवाजाची उपचारपद्धत 1987 मध्ये सुरू झाली. तिच्या नावातली पहिली दोन अक्षरं ली सिल्व्हरमन या बाईंची. त्यांना पार्किन्सन्स होता, आणि घरच्यांची इच्छा एवढीच होती, की त्यांचं बोलणं आपल्याला ऐकू यावं आणि समजावं. आठवड्यातून 4 दिवस, 4 आठवडे, रोज तासभर, आणि शिवाय घरी सराव. सगळा भर एकाच गोष्टीवर: मोठ्यानं बोला. न्यूरॉलॉजिस्टकडे पुढच्या वेळी जाल तेव्हा स्पीच थेरपिस्टची चिठ्ठी मागून घ्या. तोच थेरपिस्ट गिळणंही तपासेल, कारण या आजारात तेही मंदावतं. तोंडात घास किंवा पाणी असताना त्यांना हसवू नका, ठसका जिवावर बेतू शकतो. तुमच्या विनोदाला मी घालते ती बंदी एवढीच.

ज्यांच्या नावानं हा आजार ओळखला जातो त्या जेम्स पार्किन्सन यांनी 1817 मध्ये फक्त 6 माणसांवरून त्याचं वर्णन लिहिलं. त्यांतली काही तर त्यांनी रस्त्यात चालताना पाहिलेली. शरीर कापतं, वाकतं, पण इंद्रियं आणि बुद्धी शाबूत राहते, असं त्यांनी नोंदवलं. पुढे कळलं, की सगळ्यांच्या बाबतीत ते तसं राहत नाही. वर्षं उलटली की अनेकांची स्मरणशक्ती आणि विचारही मंदावतात. तुमच्याकडे तसं काही असतं तर तुम्ही लिहिलं असतंत, कारण बाकी बारीकसारीक सगळं लिहिलंय. तेव्हा समोरचा माणूस पूर्ण जागा आहे असं धरून मी बोलतेय.

पण बँडमास्तर? तिथे मात्र मी तुमच्यापुढे हात टेकले. पाय थिजले की ठेका दिला तर पाऊल सुटतं, हे फिजिओथेरपिस्ट शिकवतात. कुणी आकडे मोजतं, कुणी जमिनीवर पट्ट्या चिकटवतं. तुम्ही ते आपलं आपण शोधून काढलंत आणि वर त्यात मजा आणलीत. आता त्या उंबऱ्यावर तुम्ही नक्की काय करता ते बघा. ठेका तुम्ही देता, पाऊल ते उचलतात. तुम्ही वाकून त्यांचा पाय हातानं पुढे ठेवत नाही. पाऊल उचलेपर्यंत कितीही वेळ लागो, तुम्ही 'डावा-उजवा' करत उभ्या राहता. मागे पाहुणे खोळंबले असले तरी तुम्हाला फरक पडत नसणार, खात्री आहे मला.

मग वाक्याच्या उंबऱ्यावरच तुमचा धीर का सुटतो?

'समोरचा अवघडतो' म्हणता. समोरचा मरू द्या. अवघडता तुम्ही. ते 'त्या रात्री मी' म्हणून थांबतात, खोली गप्प होते, आणि त्या गप्पगारपणात आजार सगळ्यांच्या मधोमध येऊन बसतो. दिवसभर त्याच्याशी झुंजल्यावर पाहुण्यांदेखत तरी तो दिसू नये असं तुम्हाला वाटतं, म्हणून तुम्ही विनोदाचं पांघरूण घालता. कळतं मला. रात्री उठून कूस बदलून देणाऱ्या बाईला चार माणसांत अर्धा तास हलकं वाटावंसं वाटलं तर त्यात काय चुकलं? पण पांघरूण आजारावर पडत नाही हो, त्याखाली नवरा जातो. दारातला विनोद तुम्ही त्यांच्यासाठी करता. दिवाणखान्यातला विनोद पाहुण्यांसाठी, आणि भांडवल त्यांचं. बाथरूममध्ये पडल्याची गोष्ट ही त्यांची मालमत्ता आहे. सांगायची की नाही, रडून सांगायची की हसवून, ते ठरवतील.

तेव्हा करायचं ते एकच. आजपासून त्यांनी तोंड उघडलं की तुम्ही मिटायचं, आणि वाक्य संपेपर्यंत उघडायचं नाही. अर्धा मिनिट लागो, दोन मिनिटं लागोत. 'हं हं', 'म्हणजे असं ना?', ओठांनी शब्द पुरवणं, सगळं बंद. तोंडाकडे बघत बसायचं. नाही कळलं तर 'जाऊ दे' कधीही म्हणायचं नाही. जेवढं कळलं तेवढं म्हणून दाखवायचं आणि राहिलेला शब्द पुन्हा विचारायचा. 'तुम्ही म्हणालात, त्या रात्री मी... पुढे?' इतकंच. टीव्ही बंद असू द्या. गोळी घेतल्यावर साधारण अर्ध्या-पाऊण तासानं त्यांना मोकळं वाटत असेल. लोकांना बोलावायचं ते त्या वेळेला बोलवा, गोळीचा असर उतरताना नको. आणि पाहुण्यांना दारातच सांगून ठेवा, 'हे सावकाश बोलतात, थांबायचं.' ज्याला थांबवत नाही त्याने पुन्हा आलं नाही तरी चालेल.

पहिले काही दिवस तुम्हाला हे फार जड जाणार. जीभ चावाल. विनोदाचा शेवट तुम्हाला आधी दिसेल आणि ते अजून पहिल्या शब्दावर असतील. तरी गप्प राहायचं. उशिरा आलेल्या विनोदालाही हसता येतं.

प्रार्थनेचंही तेच. 'दोघांसाठी म्हणते' असं तुम्ही लिहिलंत, म्हणजे देवापुढेही त्यांचं वाक्य तुम्हीच पुरं करता. तुमची श्रद्धा तुम्हाला पेलून धरते आहे, तिला मी बोट लावणार नाही. फक्त आज संध्याकाळी तुमचं म्हणून झालं की विचारा, 'तुम्हाला काय मागायचंय?' आणि बसून राहा. ते आराम मागतील असं गृहीत धरू नका. भांडतीलही. देवाशी भांडायला जो आवाज लागतो तो गेल्या कित्येक दिवसांत त्यांनी काढला नसेल, काढू द्या. काहीच मागायचं नाही म्हणाले तर तेही ऐकून घ्या. त्यांच्या वतीनं लगेच दुसरं काही मागायला जाऊ नका.

त्या मित्रांना पुन्हा बोलवा. लवकर. आल्यावर तुम्ही म्हणा, 'त्या दिवशी यांचं बोलणं मी अर्धवट तोडलं होतं,' आणि मागे सरकून बसा. तुमच्याबद्दलची तक्रार निघाली तर तीही पूर्ण होऊ द्या. 9 वर्षांत एक-दोन तरी साठल्या असतीलच.

आणि मला पुढचं पत्र त्यांचं हवंय. या आजारात अक्षर बारीक होत होत मुंग्यांसारखं होतं, तेव्हा लिहून तुम्हीच घ्या, पण सांगतील ते. वाक्य अर्ध्यात थांबलं तर पेन खाली ठेवा आणि वाट बघा. तुमचा एकही शब्द त्यात दिसला तर मी ओळखेन.