वडिलांचे डबे खेळण्यातले वाटतात

प्रश्न : वडिलांनी १९७८ साली इंग्लंडहून आणलेले मॉडेल रेल्वेचे तीन डबे माझ्याकडे आहेत. ब्रिटिश रेलच्या मार्क १ प्रकारच्या प्रवासी डब्यांची मॉडेलं, रंग मरून, प्रमाण १:७६. तळाला वडिलांच्या अक्षरात तारीख आहे. डबे चालतात, पण खेळण्यातले दिसतात. नवे घ्यावेत का? – एक वाचक, नाशिक

उत्तर : नवे मुळीच घेऊ नका. रंगही खरवडू नका, तो ठीक आहे.

डबा खेळण्यातला वाटतो तो खिडक्यांमुळे. त्या काळच्या मॉडेलची भिंत जाड आणि काच म्हणून आतून चिकटवलेली लांब पट्टी. दोन मिलिमीटरची भिंत १:७६ ने मोजली, तर खऱ्या डब्यात ती पंधरा सेंटिमीटर भरते! खऱ्या मार्क १ ची काच बाहेरच्या पत्र्याशी जवळपास सपाट असते. म्हणून छत उघडून ती पट्टी काढा, पातळ पारदर्शक शीटमधून प्रत्येक खिडकीची काच वेगळी कापा, कोपरे पॉलिश पेपरने गोल करा आणि भोकात बाहेरच्या पातळीवर बसवा. मला एका डब्याला दोन संध्याकाळी लागतात. चिकटवायला पांढरा फेव्हिकॉल, तोही टाचणीच्या टोकावर. इन्स्टंट ग्लू नको, त्याच्या वाफेने काच धुरकटते. माझा एक डबा असाच गेला. रात्री छत लावून ठेवला, सकाळी प्रत्येक खिडकीवर पांढरी साय.

छत उघडलंच आहे तर आतल्या भिंतींना लाकडाचा रंग द्या. मार्क १ च्या आत लाकडी पॅनेलं असत. चार-पाच प्रवासी बसवा, पाय कापावे लागतील.

चाकं प्लॅस्टिकची असतील तर बदला. त्यांची कड खोल असते आणि ती रुळावर घाण पसरवतात. १४ मिलिमीटर व्यासाची धातूची चाकं मिळतात, पण आधी जुन्या ॲक्सलची, म्हणजे दोन चाकं जोडणाऱ्या दांडीची, लांबी मोजा.

आता मळ, म्हणजे वापरातल्या डब्यावरची घाण रंगाने दाखवणं. माटुंग्याच्या वर्कशॉपात मी आयुष्य काढलं, त्यामुळे डबा कुठे मळतो हे मला डोळे मिटून सांगता येतं. चाकावर घासणारे बिडाचे ब्रेक ब्लॉक झिजले की तपकिरी भुकटी बोगीवर (डब्याखालच्या चाकांच्या सांगाड्यावर), पायऱ्यांवर आणि डब्याच्या दोन्ही टोकांना बसते. मार्क १ चे ब्लॉकही बिडाचेच. बाजू मात्र धुतल्या जातात. तेव्हा खाली गंजासारखा मॅट तपकिरी, छताला काजळलेला राखाडी, आणि मरून बाजूंना जवळपास काहीच नाही. बरेच जण सगळ्या डब्यावर सारखाच मळ फवारतात, ते मला बघवत नाही. तळ रंगवताना तारखेवर आधी मास्किंग टेप लावा.

शेवटी दोन डब्यांमधली फट. काळ्या कागदाच्या घड्या घालून भाता (डबे जोडणारा घडीचा पडदा) करा, एकाच डब्याला चिकटवा. दुसऱ्या डब्याला तो नुसता टेकू द्या, नाहीतर वळणावर गाडी रुळावरून उतरेल.