हात उसना द्या, तोंड नको

(शाळकरी मुलांच्या पालकांचे प्रश्न, एका निवृत्त प्राथमिक शिक्षिकेची उत्तरं)

प्रश्न : बाई, नमस्कार. माझा मुलगा तिसरीत आहे, मराठी माध्यमात. गणितात चांगला आहे, वाचतोही बऱ्यापैकी, पण ‘दहा ओळी लिहा’ म्हटलं की घरात रडारड. गेल्या शुक्रवारी ‘माझी आजी’ हा विषय होता. आजी आमच्याकडेच असते आणि हा दिवसभर तिच्याबद्दल बडबडत असतो. वही उघडली, ‘माझ्या आजीचे नाव अमुक आहे’ एवढं लिहिलं आणि पाऊण तास पेन्सिलीला टोक करत बसला. शेवटी रात्री साडेनऊला मी सांगत गेले, तो लिहीत गेला. ‘माझी आजी खूप प्रेमळ आहे. ती मला रामायणातील गोष्टी सांगते.’ खरं म्हणजे सासूबाई गोष्टी सांगत नाहीत. त्या मालिका बघतात आणि मालिकेतल्या सासूवर मोठमोठ्याने ओरडतात. हा त्यांची नक्कलही करतो. वर्गातल्या बाईंनी वहीत ‘छान’ असं लिहिलं. आता तो म्हणतो, ‘आई, तू सांग, मी लिहितो, पटकन होतं.’ माझं चुकलं का? पुढच्या शुक्रवारी ‘पावसाळ्यातील एक दिवस’ आहे.
— एक आई, चिंचवड

उत्तर : चुकलंच, पण तुम्ही एकट्या नाही. ३१ वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत वह्या तपासल्या. साडेनऊनंतर लिहिलेला निबंध मला लांबून ओळखू यायचा. अक्षर मुलाचं, वाक्य आईचं. त्या ‘छान’चंही फार मनावर घेऊ नका. चाळीस वह्या, मधली सुट्टी, एका हातात डबा, अशा वेळी मीही शेकडो ‘छान’ वाटलेत. आणि लपवायचं कशाला, २०१० नंतर सर्वंकष मूल्यमापन आलं, प्रत्येक मुलाच्या वर्णनात्मक नोंदी लिहायच्या होत्या, तेव्हा आम्ही शिक्षकांनी तयार नोंदींच्या पुस्तिकेतून वाक्यं उतरवली. ‘स्वतःच्या शब्दांत मांडणी करतो’ हे वाक्यसुद्धा मी दुसऱ्याच्याच शब्दांत लिहीत होते.

आता तुमचा मुलगा. त्याला लिहिता येत नाही असं तुम्हाला वाटतंय. मला तुमच्या पत्रातून वेगळंच दिसतंय. त्याच्याकडे सांगण्यासारखं भरपूर आहे, पण हात तेवढा पळत नाही. तिसरीतलं मूल लिहायला बसतं तेव्हा दोन कामं एकदम करत असतं. काय सांगायचं ते डोक्यात धरून ठेवायचं आणि त्याच वेळी ‘प्रेमळ’मधला र कुठे जोडायचा, वेलांटी पहिली की दुसरी, दोन शब्दांत बोट मावतंय का, हे सगळं बघायचं. एक शब्द काढून होईतो पुढचं वाक्य उडून जातं. आपला हात आपोआप चालतो, म्हणून आपल्याला हे जाणवत नाही. एकदा डाव्या हाताने सासूबाईंबद्दल चार ओळी लिहून बघा. दुसऱ्या ओळीला तुम्हीसुद्धा ‘खूप प्रेमळ आहेत’वर याल.

म्हणून मी वर्गातल्या आयांना सांगत आले की हात उसना द्या, तोंड देऊ नका. त्या रात्री नेमकं उलटं झालं. हात त्याचा झिजला आणि बोललात तुम्ही. पुढच्या वेळी बोलू दे त्याला, लिहा तुम्ही.

शुक्रवारपर्यंत थांबू नका. बुधवारी-गुरुवारी भाजी निवडताना विषय काढा. पण ‘पावसाळा कसा असतो रे?’ असं विचारलंत की संपलं. असल्या प्रश्नाला मूल गाईडातलंच उत्तर देतं, ‘धरणीमाता हिरवा शालू नेसते’. तिसरीतल्या मुलाचा शालूशी काय संबंध? असं विचारा, परवा पाऊस आला तेव्हा तुझे बूट कुठे होते? रिक्षावाल्या काकांनी पडदा सोडला का? दप्तरातलं काय काय भिजलं? आजीची वाळत घातलेली लुगडी कोणी काढली? उत्तरात एखादी वस्तू, जागा किंवा माणूस आलंच पाहिजे, असा प्रश्न. तो सांगेल ते एखाद्या पाठकोऱ्या कागदावर उतरवा. त्याच्याच शब्दांत, एकही शब्द न सुधारता. मग त्याला वाचून दाखवा. मुलांना आपलं बोलणं कागदावरून परत ऐकू आलं की गंमत वाटते, आणि हमखास म्हणतात, ‘नाही नाही, हे आधी झालं.’ मग वाक्यांना आकडे घालायला सांगा, आधी काय, मग काय. तोच त्याचा कच्चा निबंध. तो त्याने वहीत उतरवायचा. शाळेत याला अनुलेखन म्हणतात. फरक इतकाच की पुस्तकातलं न उतरवता तो स्वतःचं उतरवतोय.

पहिल्या खेपेला सगळं तुम्ही लिहून घ्या. दुसऱ्या खेपेला शेवटचं वाक्य त्याच्यावर सोडा, ‘माझा हात दुखतोय, हे एक तू लिही.’ मग दोन वाक्यं, मग तीन. काही मुलांना महिना लागतो, काहींना अख्खं सत्र. घाई केलीत तर पुन्हा साडेनऊ वाजतील.

हे मी कुठल्या प्रशिक्षणात शिकले नाही. चौथीच्या वर्गात एक पोरगा होता, घरी म्हशी. ‘माझा आवडता प्राणी’ या विषयावर त्याने लिहिलं, ‘गाय हा उपयुक्त पाळीव प्राणी आहे. गाईला चार पाय, दोन डोळे व एक शेपूट असते.’ त्याच सकाळी तो शाळेत उशिरा आला होता. मी कारण विचारलं. म्हणाला, आमची म्हस राती याली. बरं मग? मग दहा मिनिटं थांबलाच नाही. वार (रेडकामागून पडणारी झिल्ली) पडेस्तोवर कुत्र्यांपासून राखण करत बसावं लागतं, रेडकू पहिल्यांदा उभं राहतं तेव्हा मागच्या पायांवर राहतं, चिकाचा खरवस कोणाकोणाच्या घरी पोचवायचा ते आजी ठरवते आणि चुलत्याचं घर मुद्दाम गाळते. अख्खा वर्ग चिडीचूप. मी खडू घेतला आणि तो बोलला तसं फळ्यावर लिहीत गेले, ‘म्हस’ आणि ‘याली’सकट. मग त्याला म्हटलं, हाच तुझा निबंध, घे उतरवून. त्याचा चेहरा बघण्यासारखा होता, कारण त्याच्या मते निबंध ही गाईडातली गोष्ट होती आणि म्हस ही घरची.

दोन दिवसांनी तपासणीला आलेल्या साहेबांनी ती वही बघितली आणि ‘भाषा प्रमाण नाही’ असा शेरा मारला. बरोबरच होतं त्यांचं. म्हैस, रात्री, व्याली हे मी त्याला पुढच्या आठवड्यात शिकवलंच. पण आधी म्हस वहीत यावी लागते, मग तिची म्हैस करता येते.

तेव्हा मालिकेतल्या सासूवर ओरडणारी आजी वहीत येऊ द्या. घरचं चव्हाट्यावर येईल अशी भीती वाटते, मला कळतं. पण त्या चाळीस वह्यांत एकोणचाळीस आज्या रामायण सांगत असतील. तुमची एकटीच टीव्हीवर ओरडत असेल. बाई मधल्या सुट्टीत डबा बाजूला ठेवून वाचतील. सासूबाईंना मात्र आधी वाचून दाखवा, म्हणजे घरात शांतता राहील.

ओळी मोजायचं खूळ असेल तर बाईंना भेटा, नाहीतर दोन ओळींची चिठ्ठी पाठवा की ‘सहा ओळी लिहिल्या आहेत, पण त्याच्या त्याने.’ बहुतेक शिक्षक ऐकतात. आम्हाला कोणी असं विचारतच नाही.

आणि चुका. लाल पेन घेऊन बसू नका. एका निबंधात एकच गोष्ट धरा. मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम १८ आहेत आणि मोठ्यांनाही त्यातले चार-पाच आठवत असतील तर पुष्कळ. तिसरीत एक नियम मात्र खेळासारखा शिकवता येतो. पूल, पण पुलावर. मूल, पण मुलाला. फूल, फुलाचा. बहीण, बहिणीला. शब्दाला ‘-वर’, ‘-ला’, ‘-चा’ अशी शेपूट आली की पोटातलं दीर्घ अक्षर ऱ्हस्व होतं. जेवताना तुम्ही ‘तीळ’ म्हणा, तो ‘तिळाचा’ म्हणेल. ‘गुण’, ‘विष’ असले संस्कृतातून जसेच्या तसे आलेले शब्द मुळातच ऱ्हस्व राहतात. तो फाटा आत्ता नको, स्वतः विचारेल तेव्हा सांगा.

प्रश्न : नात दुसरीत आहे, वय साडेसात. ‘धर’ला ‘घर’ लिहिते, ‘भात’चा ‘मात’ करते, ‘सूर्य’ तर ‘सुरय’. मी रोज तिच्याकडून शुद्धलेखनाचं एक पान काढून घेतो. दोन करू का?
— एक आजोबा, मिरज

उत्तर : आजोबा, अर्धं करा. चुकीचं अक्षर पानभर गिरवलं की चूकच पक्की होते.

नात लिहिते कशी ते शेजारी बसून बघा. मला दाट शंका आहे की ती आधी सगळी अक्षरं काढते आणि मग डोक्यावरून एक लांब रेघ सर्रकन ओढते. थ, ध, भ या तिघांच्या डोक्यावरची रेघ पूर्ण नसते, डावीकडे तुटलेली असते. य, घ, म यांची अखंड असते. सरसकट रेघ ओढली की ध चा घ होणारच. तिला सांगा, या तिघांचं छप्पर गळकं आहे, तिथे पेन्सिल उचलायची. पाटीवर मोठ्ठी अक्षरं, तीनच जोड्या, धर-घर, भात-मात, थवा-यवा. ‘यवा’ला काही अर्थ नाही, म्हणूनच ती हसेल आणि लक्षात ठेवेल.

‘र’चं दुखणं सगळ्या मराठी मुलांचं. एकाच अक्षराचे चार वेश आहेत. सूर्यातला रफार, चक्रातली तिरकी रेघ, ट्रकच्या पायाखालची घडी आणि वाऱ्यावरचा अर्धा ऱ. तिला आधी ऐकायला शिकवा. ‘दर्या’ म्हणजे समुद्र, ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरातल्या. पहिल्यात र वर जीभ आपटते, दुसऱ्यात नुसती घसरते. कानाला फरक कळला की हाताला कळतो.

बोटं कच्ची वाटत असतील तर शेंगा सोलू द्या, ठिपक्यांची रांगोळी काढू द्या. बालशिक्षणात आयुष्य घालवलेल्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं, तेव्हा महागड्या साधनांच्या जागी शिंपले, बिया, पानं वापरली. मिरजेच्या घरात हे सगळं आहेच.

साडेसात वर्षांच्या मुलीच्या या चुका मला काळजीच्या वाटत नाहीत. मात्र डोळे आणि कान एकदा तपासून घ्या. गंमत म्हणजे हे सगळ्यांत शेवटी सुचतं. तिसरी संपताना तोंडी सगळं येतंय, पण वाचताना अडखळतेय आणि लिहिणं जागच्या जागीच आहे असं दिसलं, तर शाळेशी बोलून अध्ययन अक्षमतेची चाचणी करून घ्या. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात तिचा समावेश आहे आणि प्रमाणपत्र असेल तर परीक्षेत सवलती मिळतात. तोवर ‘लक्ष नाही तुझं’ हे वाक्य घरात बंद. माझ्या वर्गात अशा दोन मुलांना मी वर्षभर आळशी म्हणत होते. अजून आठवलं की बरं वाटत नाही.

प्रश्न : आता फोनला विषय सांगितला की अर्ध्या मिनिटात निबंध तयार. मुलगी चौथीत आहे, ती तो सुवाच्य अक्षरात उतरवते, बाई खूश, आम्ही मोकळे. यात वाईट काय?
— एक बाबा, ठाणे

उत्तर : नवीन काही नाही, गाईडाचा नातू आहे तो. फक्त गाईड विकत आणावं लागायचं.

एक सांगा, चौथीतल्या मुलीने ‘माझा आवडता सण’वर लिहिलेला निबंध जगात कोणाला हवा असतो? बाईंना नको असतो, त्यांच्याकडे चाळीस आहेत. तुम्हाला नको आहे. वाक्य जुळवताना मुलीच्या डोक्यात जे चाललं असतं, तेवढ्यासाठीच तो विषय दिलेला असतो, आणि नेमकं तेच तुम्ही फोनला दिलंत. रोज शाळेपर्यंत चालायला सांगितलंय आणि तुम्ही रिक्षाने सोडताय, वर म्हणताय वेळेवर पोचते.

फोन फेकून द्या असं मात्र म्हणत नाही. वर चिंचवडच्या ताईंना सांगितलं ते वाचा. तुम्हाला बसून लिहून घ्यायला वेळ नसेल तर फोनला बोलून टाइप करायला लावा. मुलीने सांगायचं, फोनने उतरवायचं. मराठी बऱ्यापैकी उतरवतो तो. मध्येच काहीतरी भलतंच लिहील, ते शोधून दुरुस्त करायचं काम तिला द्या. दुसऱ्याच्या चुका काढायला चौथीतल्या मुलांना फार आवडतं, त्यात फोनच्या असतील तर विचारूच नका.